करंट वाढला की उजेड पसरतो : निक्सी आणि निऑन बारग्राफवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या निऑन डिस्प्लेंवर दोन पानी लेख होता, त्यात निक्सी ट्यूब म्हणजे आकड्यांची आणि बारग्राफ म्हणजे उजेडाची पट्टी लांब-आखूड होणारी, दोन्ही मायक्रोकंट्रोलरनं कशा चालवायच्या ते थोडक्यात दिलं होतं. फारच थोडक्यात दिलं होतं हे तुमच्या पत्रांवरून कळलं. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : माझ्याकडे दोन आयएन-१४ निक्सी ट्यूब आहेत. रेझिस्टर वाचवावा म्हणून दोन्हींच्या ॲनोडला, म्हणजे पॉझिटिव्ह टोकाला, मिळून एकच रेझिस्टर लावला तर एकच ट्यूब पेटते, दुसरी मेल्यासारखी. अदलाबदल करून पाहिली, दोन्ही चांगल्या आहेत. असं का?

कारण पेटलेली गॅस ट्यूब स्वतःचं व्होल्टेज स्वतः ठरवते. पेटायला तिला साधारण १७० व्होल्ट लागतात, पण एकदा पेटली की तिच्यावरचं व्होल्टेज उतरून १४० च्या आसपास येतं आणि तिथंच राहतं. तुमच्या दोनपैकी जी आधी पेटली तिनं तो सामाईक ॲनोड १४० वर ओढून धरला, आता दुसरीला पेटायचे १७० मिळणार कुठून? म्हणून प्रत्येक ट्यूबला तिचा तिचा रेझिस्टर लागतो, घड्याळातल्या मधल्या ठिपक्यांचे छोटे निऑन दिवे असले तरी त्यांनाही वेगळा, यात काटकसर होत नाही.

किती ओहमचा ते काढणं सोपं आहे. सप्लाय १८०, ट्यूब १४० घेते, उरले ४० व्होल्ट. आयएन-१४ ला २.५ मिलीअँपिअर द्यायचेत, म्हणजे ४० भागिले २.५, आले १६ किलोओहम. आता हेही बघा की सप्लाय १० व्होल्टनं जरी हलला तरी त्या ४० चे ५० होतात, म्हणजे करंट एकदम पावपट वाढतो. सप्लाय २०० चा ठेवून २४ किलोओहम लावले तर तेवढ्याच हलण्यानं फरक साधारण सहाव्या हिश्श्याचा पडतो, म्हणून मला स्वतःला थोडा उंच सप्लाय आणि मोठा रेझिस्टर हे जास्त पटतं. रेझिस्टर न लावता ट्यूब थेट सप्लायला कधीच जोडू नका, करंटला अडवणारं मग काही उरतच नाही आणि ट्यूब कायमची जाते.

प्रश्न : कॅथोडना, म्हणजे ट्यूबमधल्या एकेका आकड्याच्या तारेला, बीसी५४७ ट्रान्झिस्टर लावलेत कारण घरात तेच होते. आकडा पेटतो पण बाकीचे आकडेही मागं अंधुक दिसत राहतात. ट्रान्झिस्टर जळाले नाहीयेत. एमपीएसए४२ आणावेच लागतील का?

आणावे लागतील. बीसी५४७ कलेक्टर-एमिटरमध्ये ४५ व्होल्ट सहन करतो, एमपीएसए४२ ३०० करतो. तुम्हाला वाटत असेल की बंद कॅथोडवर कसलं व्होल्टेज, तो तर कशालाच जोडलेला नाही, पण आत एक आकडा पेटलेला असताना आजूबाजूचा सगळा गॅस वीज वाहून नेणारा झालेला असतो आणि त्यात बुडालेला प्रत्येक मोकळा कॅथोड आपोआप काही दहा व्होल्टवर चढून बसतो. तो ४५ च्या वर चढायला बघतो, बीसी५४७ तिथं हार मानतो आणि थोडा थोडा करंट जाऊ देतो, तोच तुमचा अंधुक उजेड. जळत नाही कारण ॲनोडचा रेझिस्टर त्याला वाचवतो. म्हणून तर लोक म्हणतात की माझं बीसी५४७ वर चालतंय, पण चालतंय आणि नीट चालतंय यात फरक आहे. यूएलएन२००३ ची गोष्टही तीच, तो ५० व्होल्टचा.

एका वाचकांनी याच संदर्भात विचारलंय की मग ७४१४१ किंवा सोव्हिएत बनावटीची के१५५आयडी१ ही चिप कशी चालते, तिची मर्यादा तर ६० व्होल्टच्या आसपासच आहे. त्या चिप निक्सीसाठीच बनवल्या होत्या आणि आतमध्ये आउटपुटवर झेनरसारखी सोय आहे, ६० च्या जवळ कॅथोड धरून ठेवला की बहुतेक ट्यूबमध्ये इतर आकड्यांचा उजेड जाणवत नाही. सगळ्या ट्यूबमध्ये नाही मात्र, काहींत मंद धूसर झाक राहतेच.

एमपीएसए४२ चा बेस रेझिस्टर किती, हे दहा जणांनी तरी विचारलंय. या ट्रान्झिस्टरचा गेन, म्हणजे बेसच्या करंटच्या किती पट करंट तो ओढतो ते, कमी असतो, १ मिलीअँपिअरला किमान २५ च धरायचा. ५ व्होल्टच्या पिनवरून १० किलोओहम लावले तर बेसला ०.४३ मिलीअँपिअर जातात, त्यावर २.५ मिलीअँपिअरचा कॅथोड अगदी निवांत ओढला जातो. ३३ किलोओहमवरही काम होतं पण काठावर.

प्रश्न : आयएन-१३ बारग्राफ एलईडीसारखा पीडब्ल्यूएमनं, म्हणजे वेगानं चालू-बंद करून, चालवतोय. ट्रान्झिस्टर पीडब्ल्यूएम पिनला, पट्टी कमी-जास्त व्हायला हवी ना? ती होत नाही, कायम पूर्ण लांब दिसते, फक्त मंद होते. ट्यूब खराब आहे का?

ट्यूब उत्तम आहे हो, टाकून देऊ नका! हा प्रश्न मला सगळ्यात आवडला कारण याचं उत्तर एकदा कळलं की निक्सी आणि बारग्राफ दोन्ही कळतात.

निऑनच्या अशा उजेडात कॅथोडच्या दर चौरस मिलिमीटरला ठराविकच करंट जातो. तुम्ही करंट वाढवलात तर तो उजेड जागच्या जागी झगझगीत होण्याऐवजी कॅथोडवर आणखी पुढे पसरतो, जोवर झाकायला धातू शिल्लक आहे तोवर. बारग्राफमध्ये कॅथोड म्हणजे एक लांब तार आहे, म्हणून करंट वाढला की उजेड तारेवरून वर चढतो आणि पट्टी लांब होते. आयएन-१३ मध्ये साधारण साडेचार मिलीअँपिअरला ती पूर्ण भरते, सुमारे ११ सेंटिमीटर. आता तुम्ही पीडब्ल्यूएम दिलात म्हणजे काय केलंत, तर प्रत्येक पल्समध्ये पूर्ण करंट दिलात, पट्टी पूर्ण लांब झाली, मग विझली, मग परत पूर्ण लांब. डोळ्याला दिसली मंद पण पूर्ण पट्टी. ट्यूबनं अगदी जे सांगितलं तेच केलं.

निक्सीला बरोबर उलटं करावं लागतं. तिथं करंट कमी करून आकडा मंद करायला गेलात तर आकडा मंद होत नाही, त्याचा एखादा कोपराच काळा पडतो, कारण सगळा कॅथोड झाकायला करंट पुरत नाही. तीन जणांनी हीच तक्रार केलीय की रात्री उजेड कमी केला की आठाचा खालचा गोळा गायब होतो. म्हणून निक्सीला करंट पूर्ण द्यायचा आणि वेळ कमी करायचा म्हणजे पीडब्ल्यूएम, आणि बारग्राफला पीडब्ल्यूएम नाही, खराखुरा सलग कमी-जास्त होणारा करंट.

तो कसा द्यायचा? ट्रान्झिस्टरचा स्विच करायचा नाही, करंटचा नळ करायचा. एमिटर आणि ग्राउंडमध्ये ४७० ओहम, बेस एका ऑपॲम्पच्या आउटपुटला १ किलोओहममधून, ऑपॲम्पचा उलटा इनपुट एमिटरला, सुलट्या इनपुटला तुमचं कंट्रोल व्होल्टेज. ऑपॲम्प एमिटरवर तेवढंच व्होल्टेज राहील असं बघतो, ४७० ओहमवर २.१ व्होल्ट म्हणजे साडेचार मिलीअँपिअर, पट्टी पूर्ण. ऑपॲम्पशिवाय थेट बेसला व्होल्टेज देऊनही काम होतं, पण मग पहिले ०.६ व्होल्ट बेस-एमिटरमध्येच जातात आणि ट्रान्झिस्टर गरम झाला की पट्टी आपोआप चढायला लागते, तापमान दाखवायला बसवलेली पट्टी ट्रान्झिस्टरचंच तापमान दाखवते म्हणा ना. ऑपॲम्प म्हणून एलएम३५८ चालतो, ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट साडेतीनच्या वर जात नाही पण आपल्याला २.१ अधिक ०.७ एवढंच हवंय. ४७० च्या जागी १ किलोओहम लावलात तर मात्र पट्टी अर्ध्याच्या थोडी वर जाऊन अडकेल आणि तुम्ही पुन्हा ट्यूबला दोष द्याल.

ट्रान्झिस्टर कुठला, तर ३०० व्होल्टचाच. पट्टी शून्यावर असताना जवळजवळ सगळा सप्लाय त्याच्यावर येतो. आणि पट्टी पूर्ण असताना ट्यूबनं घेऊन उरलेलं सगळं व्होल्टेज तोच खातो, समजा ६० व्होल्ट उरले तर साडेचार मिलीअँपिअरला ०.२७ वॅट. एमपीएसए४२ कागदावर ०.६२५ वॅटचा आहे, पण ते भोवतालचं तापमान २५ अंश असताना, बंद डब्यात तेवढं धरू नका. मी एमजेई३४० वापरतो, तोही ३०० व्होल्टचा पण अंगानं दणकट. शिवाय ॲनोडला ४.७ किलोओहम टाकले की वीसेक व्होल्ट ते घेतात, ट्रान्झिस्टरला तेवढाच आराम आणि चुकून काही शॉर्ट झालं तरी अडवायला कुणीतरी आहे.

प्रश्न : वरच्यासारखंच सर्किट केलंय, पीडब्ल्यूएम १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरनी अर्धा करून १ मायक्रोफॅरडवर गाळून ऑपॲम्पला देतोय. पट्टी सरकते पण तिचं टोक स्पष्ट नाही, सेंटिमीटरभर पुसट थरथरतं.

गाळणी पुरत नाहीये. आर्डुइनोच्या बहुतेक पिनवर पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा असतो, तुमच्या गाळणीचा वेळ दोन रेझिस्टर समांतर धरून ५ मिलिसेकंद, हिशेब केला तर मधल्या जागेवर पाव व्होल्टची लाट शिल्लक राहते. पाव व्होल्ट भागिले ४७० म्हणजे अर्धा मिलीअँपिअर, तुमच्या पट्टीचा जवळपास आठवा भाग! म्हणजे जे दिसतंय ते बरोबर तेवढंच दिसतंय. कपॅसिटर मोठा करत बसू नका, पट्टी आळशी होईल, आवाजाची पातळी दाखवायची असेल तर मग मजाच जाते. त्याऐवजी पीडब्ल्यूएमच वेगवान करा, १६ मेगाहर्ट्झच्या एटीमेगावर, म्हणजे आर्डुइनोतल्या चिपवर, टायमर १ प्रीस्केलरशिवाय, म्हणजे क्लॉकचा वेग न भागता, ८ बिटचा फास्ट पीडब्ल्यूएम लावला की ६२.५ किलोहर्ट्झ मिळतात, त्याच गाळणीवर लाट २ मिलिव्होल्ट उरते आणि टोक पेन्सिलीनं रेघ मारल्यासारखं दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये २५५ ऐवजी २१५ च्या जवळ मर्यादा घाला म्हणजे करंट साडेचारच्या वर जाणार नाही.

प्रश्न : पट्टी खालून सुरू व्हायच्या ऐवजी मधूनच कुठंतरी पेटते.

आयएन-१३ ला तीन तारा असतात, तिसरी तार नुसती सोडून दिलीय का? ती सहायक कॅथोडची, ती २२० किलोओहममधून ग्राउंडला जोडायची. तिच्यामुळे एका टोकाशी एक छोटा उजेड कायम राहतो आणि मुख्य पट्टी तिथूनच सुरू होते. तुमची आयएन-९ असेल तर तिला ही तारच नाही, दोनच तारा, तिथं पट्टी कधीच शून्यावर न्यायची नाही, थोडासा करंट सतत ठेवायचा. तरी भरकटली तर क्षणभर पूर्ण करंट देऊन हळूहळू खाली आणा, टोकाला परत येते. आयएन-९ ला करंट जास्त लागतो, १० मिलीअँपिअर किंवा थोडा वर, त्यामुळे एमिटरला ४७० ऐवजी २२० ओहम.

प्रश्न : सहा निक्सी मल्टिप्लेक्स केल्यात, म्हणजे कॅथोड सामाईक ठेवून ट्यूब एकामागून एक वेगानं पेटवतोय. प्रत्येक ट्यूबमध्ये शेजारच्या ट्यूबचा आकडा सावलीसारखा दिसतो.

शेजारची ट्यूब अजून विझलेली नाहीये आणि तुम्ही पुढचा आकडा कॅथोडवर ठेवलात. गॅस विझायला, म्हणजे त्यातले आयन नाहीसे व्हायला, थोडा वेळ लागतो आणि त्याहून जास्त वेळ ॲनोडचा पीएनपी ट्रान्झिस्टर बंद व्हायला घेतो. क्रम असा हवा : ॲनोड बंद, थांबा, कॅथोड बदला, पुढचा ॲनोड चालू. थांबायचं किती, तर १०० मायक्रोसेकंदांपासून सुरू करा आणि सावली जाईपर्यंत वाढवा, बहुधा २०० ते ३०० पुरतात. सहा ट्यूब सेकंदाला १०० वेळा फिरवल्या तर प्रत्येकीला १.६७ मिलिसेकंद मिळतात, त्यातले २०० मायक्रोसेकंद गेले तरी फार उजेड जात नाही.

तरीही सावली राहिली तर तुमच्या पीएनपीच्या, एमपीएसए९२ असणार, बेस आणि एमिटरमध्ये १०० किलोओहम आहेत का बघा. ते नसले तर बेसमधला चार्ज निघायला वाटच नसते. बाकी जोडणी म्हणजे बेसपासून ४७० किलोओहम आणि तिथून एका एमपीएसए४२ चा कलेक्टर. दोघांनी पीएनपीचा बेस सरळ मायक्रोकंट्रोलरच्या पिनला जोडलाय, चालत नाही म्हणून लिहिलंय, कृपया सप्लाय लावू नका, त्या पिनच्या दुसऱ्या बाजूला १८० व्होल्ट आहेत.

माझं मत विचाराल तर चार ट्यूबपर्यंत मल्टिप्लेक्स करूच नका. ७४एचसी५९५ म्हणजे आउटपुट वाढवून देणारी शिफ्ट रजिस्टर चिप आणि प्रत्येक कॅथोडला एक एमपीएसए४२, सोल्डरिंग पुष्कळ आहे पण सावली नाही, थरथर नाही, ट्यूबवर जास्तीच्या करंटचा ताण नाही. सोल्डरिंगचा कंटाळा असेल तर एचव्ही५५३० ही चिप ३२ आउटपुटची, ३०० व्होल्टची आहे, फक्त तिचं लॉजिक १२ व्होल्टचं असतं, ५ व्होल्टच्या पिन थेट जोडून ती ऐकत नाही, मध्ये लेव्हल शिफ्टर लागतो. यावर एका वाचकांचा आठवडा गेलाय.

प्रश्न : चालू केल्या केल्या सगळे आकडे एकदम चमकतात, मग घड्याळ नीट चालतं.

५९५ चालू होताना त्याच्या आउटपुटवर काय असेल ते सांगता येत नाही. त्याची ओई, म्हणजे आउटपुट एनेबल, पिन १० किलोओहमनं ५ व्होल्टला बांधा म्हणजे आउटपुट सुटे राहतात, प्रोग्राममध्ये आधी सगळे शून्य पाठवा आणि मगच ओई खाली ओढा. सुट्या आउटपुटवर बेस तरंगू नयेत म्हणून प्रत्येक बेसला ग्राउंडकडे एक पुल-डाउन.

प्रश्न : बंद करून मिनिटभरानं हात लावला तरी झटका बसला. हे कसं?

पत्र वाचून काळजी वाटली, पुन्हा असं होऊ देऊ नका. लोकांना वाटतं ट्यूब विझली म्हणजे कपॅसिटर रिकामा झाला. नाही, ट्यूब कपॅसिटर पिऊन घेते ती फक्त स्वतः विझेपर्यंत, म्हणजे शंभरापेक्षा जास्त व्होल्ट तसेच आत उरतात आणि त्यांना बाहेर जायला रस्ता नसतो. ४.७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २२० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक लावून समांतर टाका, दोन एवढ्यासाठी की साधा पाव वॅटचा रेझिस्टर २५० व्होल्टपर्यंतच धरतो, दोघांत वाटून गेलं की चिंता नाही. दहा-अकरा सेकंदांत रिकामा होतो. तरी हात घालायच्या आधी मीटरनं बघा, आणि चालू सर्किटवर मोजताना एक हात पाठीमागे ठेवा.

सप्लायचाच विषय निघाला म्हणून : १२ व्होल्टचे १८० करणाऱ्या बूस्ट सर्किटमध्ये ज्यांचा डायोड तापतोय त्यांनी १एन४००७ काढून यूएफ४००४ लावावा. १एन४००७ मेन्सच्या ५० हर्ट्झसाठी ठीक आहे, हजारो हर्ट्झवर तो वेळेत बंदच होत नाही.

प्रश्न : आयएन-१२ मधला पाचाचा आकडा विचित्र दिसतो. नकली ट्यूब मिळाली का?

अस्सल आहे. त्या ट्यूबमध्ये ५ म्हणजे इंग्रजी दोनचाच आकडा उलटा करून बसवलेला आहे, आयएन-१४ मध्येही तसंच.

प्रश्न : तासाच्या दहम स्थानाची ट्यूब वर्षभर ०, १, २ च दाखवत होती. आता तीच ट्यूब मिनिटांच्या जागी लावली तर ७ आणि ८ अर्धेच पेटतात.

पेटलेल्या कॅथोडवरून धातूचे कण उडत असतात आणि न पेटणाऱ्या शेजाऱ्यांवर जाऊन बसतात. वर्षभर साठलेल्या त्या थरावर उजेड नीट पसरत नाही, म्हणून अर्धा आकडा काळा. बऱ्याचदा यातून ट्यूब सावरते : फक्त तो आकडा सलग काही तास पेटवून ठेवा, करंट नेहमीपेक्षा थोडा जास्त पण डेटाशीटच्या कमाल आकड्याच्या आत, थर हळूहळू उडून जातो आणि उजेड कडेकडेनं परत भरत येतो. पुढं असं होऊ नये म्हणून प्रोग्राममध्ये रोज रात्री सगळ्या ट्यूबवर ० ते ९ फिरवायला लावा, प्रत्येक आकडा काही सेकंद, आणि तासाच्या दहम स्थानाला ३ ते ९ ची पाळी थोडी जास्त वेळ द्या.